तव्यापुढची रांग

अकरा वर्षं मी चाकणला एका कारखान्यात उत्पादन विभागात काढली. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथं. मग नान्नांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून मी सोलापूरला परत आले. नान्नांनी सगळी हयात यंत्रमागावर काढलेली. घरात आम्ही तेलुगू बोलतो, दारात मराठी, आणि भांडण जुंपलं की दोन्ही.

परत आल्यावर काय करायचं ते ठरलं नव्हतं. तेवढ्यात कळलं, की विद्यापीठात एमबीएच्या मुलांना ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवायला माणूस मिळत नाहीये. मी विभागप्रमुखांना जाऊन भेटले. सरांनी माझी माहिती वरपासून खालपर्यंत एकदा वाचली आणि म्हणाले, "कारखान्यात होता ना? मग बास. सोमवारपासून या." शिकवण्याचा अनुभव त्यांनी विचारला नाही. तो मला नव्हताच, त्यामुळे मीही विषय काढला नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. मी चार दिवस खपून बेचाळीस स्लाइड बनवल्या. सगळ्या इंग्रजीत. व्याख्या, इतिहास, बाणांच्या आकृत्या, परदेशातल्या मोटार कारखान्यांचे फोटो. सोमवारी वर्गात गेले तेव्हा चाळीसएक मुलं-मुली होती. पहिल्या दहा स्लाइडपर्यंत त्यांनी लिहून घेतलं. विसाव्या स्लाइडला पेनं खाली आली. तिसाव्या स्लाइडला मी माझाच आवाज ऐकत होते, आणि तो मला रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा वाटत होता.

"काही शंका?" मी शेवटी विचारलं.

मधल्या रांगेतला एक उंच मुलगा उभा राहिला. नातेपुत्याचा. घरचं शेतीऔषधांचं दुकान होतं, हे मला पुढं कळलं. बोलायला तो तेव्हाच तयार होता.

"मॅडम, राग मानू नका. पण हे सगळं मोठ्या कारखान्यात लागणार ना? मी दुकानात बसणार. ही बँकेची परीक्षा देणार. त्याच्या घरी वेल्डिंगचा धंदा आहे. मग आम्हाला ह्याचं काय करायचं?"

वर्ग हसला. मुलगा उद्धट नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी "पुढच्या तासाला बोलू" असं काहीतरी पुटपुटले आणि घंटा झाल्यावर सगळ्यांच्या आधी मीच बाहेर पडले.

घरी आल्यावर नान्नांनी तोंड बघूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "बिड्डा, तू त्यांना किती प्रश्न विचारलेस?"

मी आठवून पाहिलं. "एक. शंका आहे का म्हणून."

"मी नव्या कामगाराला मागावर उभा करायचो, तेव्हा आधी त्याला विचारायचो, तुला ह्यात काय दिसतंय ते सांग," नान्ना म्हणाले. "त्याला काय दिसत नाही ते मग मला कळायचं." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

बुधवारी मी लॅपटॉप घरीच ठेवला. वर्गात गेले, खडू घेतला आणि म्हणाले, "आज सकाळी उठल्यापासून इथं पोचेपर्यंत तुम्हाला कुठं कुठं थांबावं लागलं? खरं खरं सांगा."

एकदोघे हसले. मग एकजण म्हणाला, बाथरूमपुढं. घरात सातजण आणि बाथरूम एक. दुसरी म्हणाली, पाण्यापुढं. आमच्या भागात चौथ्या दिवशी नळ येतो, आज आमची पाळी होती. कुणी एसटीचं नाव घेतलं, कुणी होटगीच्या फाटकाचं. कँटीनमध्ये पोहे दोन मिनिटांत मिळतात पण कूपनच्या खिडकीशी पंधरा मिनिटं जातात, असं सांगताना तर पाच-सहाजण एकदम बोलायला लागले. मी फळ्यावर लिहीत होते. फळा भरत आला.

तेवढ्यात अगदी शेवटच्या बाकावरून आवाज आला, "तव्यापुढं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. एक बारकीशी मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, सोमवारी एक शब्दही न बोललेली.

"तव्यापुढं म्हणजे?" मी विचारलं.

ती उभी राहिली. "आमचं कडक भाकरीचं केंद्र आहे. आई आणि पाच बायका. मी सकाळी तिथं असते, मग इकडं येते. आमच्याकडं पीठ मळून होतं, भाकरी थापूनही होते. पण तवे तीनच. थापलेली भाकरी परातीत तव्याची वाट बघत बसते. फार वेळ बसली की तिला कडेनं चिरा पडतात. मग ती मोडायची आणि परत मळायची. आई रोज म्हणते, हात रिकामे आणि तवा भरलेला."

नातेपुत्याचा मुलगा "वा!" म्हणाला, पुन्हा हशा झाला, आणि मुलगी पटकन खाली बसली. मी मात्र खडू हातात धरून तशीच उभी होते. चाकणला मी अकरा वर्षं हीच गोष्ट शोधत फिरले होते. ज्या जागी काम अडतं, त्या जागेपेक्षा जलद सगळा कारखाना चालूच शकत नाही. बाकीचे कितीही राबले तरी त्या जागेपुढं नुसता ढीग साठतो. माझ्या बेचाळीस स्लाइडमधली एकोणतिसावी हीच होती, आणि तिच्यावर सगळे पेंगले होते.

"आता सांगा," मी वर्गाला म्हटलं, "त्यांनी आणखी एक भाकरी थापणारी बाई ठेवली तर भाकरी वाढतील का?"

"नाही!" अर्धा वर्ग ओरडला.

"का नाही?" बाकीचा अर्धा.

आणि मग ते एकमेकांशीच भांडायला लागले. घंटा झाली तरी कुणी उठेना. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मला इतकं हसू येत होतं की वर्गाकडं पाठ करावी लागली.

तास संपल्यावर ती मुलगी माझ्या मागं आली. "मॅडम, सगळे म्हणतायत आमच्या केंद्रात जाऊन बघू या. मी आईला विचारलं नाही. ती कॉलेजात कधी आलेली नाही. जागा लहान आहे, पत्र्याची आहे." ती अडखळली. "मी बोलायलाच नको होतं."

"मी येऊन आईंना विचारू का?"

तिनं दप्तर खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "नको. मीच विचारते."

दुसऱ्या दिवशी तिनं आईचा निरोप आणला, जसाच्या तसा: "येऊ द्या की. पण चपला भाईर."

शनिवारी सकाळी दहाजणांची पहिली तुकडी घेऊन मी गेले. होटगी रस्त्याच्या आत, एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड. आत गेल्याबरोबर भाजल्या जोंधळ्याचा वास आला. मुलीची आई, मी त्यांना ताई म्हणायला लागले, तव्यांजवळ उभ्या होत्या. दणकट बांधा, कमरेला खोचलेला पदर. दोघीजणी पीठ मळत होत्या, दोघी थापत होत्या, आणि एक तवे सांभाळायला ताईंच्या हाताखाली होती. थापणाऱ्यांतली एक सगळ्यांत वयस्कर. तिला सगळ्या मावशी म्हणत.

"मॅडम, हितं काय बघणार तुमी?" ताई म्हणाल्या. "भाकरी बघायला कालेजात नाव घालावं लागतंय व्हय?"

"आम्ही शिकायला आलोय, ताई."

"मग बसा खाली. हुभं ऱ्हाऊन कुणी शिकत न्हाय."

आम्ही बसलो. मुलांनी मोबाइलची घड्याळं लावली. मावशींची भाकरी चाळीस सेकंदांत परातभर व्हायची, कागदासारखी पातळ, गोल. दुसरीला मिनिटभर लागायचं. तव्यावर मात्र एका भाकरीची सहा मिनिटं जायची. दोन मिनिटं भाजायला, आणि पुढची चार मंद आचेवर, फडक्यानं दाबत दाबत कडक करायला. हे सगळं आकड्यांत मांडणारी होती शेवटच्या बाकावरची ती मुलगी. वर्गात मान खाली घालणारी पोर इथं तव्यापासून परातीपर्यंत फिरत होती, मित्रांना सांगत होती, "हे बघ, इथं पाणी फिरवलं की उलटायची. आधी उलटलीस तर चिकटते." ताई लेकीकडं बघत होत्या. पोरगी एवढं बोलते हे बहुतेक त्यांनाही नवीन होतं.

नातेपुत्याच्या मुलाला थापून बघायची हौस आली. मावशींनी त्याच्यापुढं मळलेल्या पिठाचा उंडा ठेवला. पाच मिनिटांनी परातीत जे तयार झालं त्याला तीन कोपरे होते आणि मधोमध एक भोक.

"बायकूला घाबरून ऱ्हा रं बाबा," मावशी म्हणाल्या. शेड हसण्यानं दणाणली.

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, चाकणचं आपलं ज्ञान इथं थोडं वापरावं. बायका दाटीवाटीनं गोल करून बसल्या होत्या. मी म्हटलं, ताई, सगळ्यांना एका ओळीत बसवू या. आधी मळणाऱ्या, मग थापणाऱ्या, मग तवा. पीठ एका टोकानं जाईल, भाकरी दुसऱ्या टोकानं निघेल. ताईंनी माझ्याकडं पाहिलं, खांदे उडवले आणि बायकांना ओळीत बसवलं.

तासाभरात सगळं बिघडलं. भाकऱ्या थापतानाच फाटायला लागल्या. आधीपेक्षा कमी झाल्या. मला कारण कळेना. मी मळणाऱ्या बाईंना विचारलं, पिठात काही फरक पडला का?

उत्तर मावशींनी दिलं. "मॅडम, जुंधळ्याचं पीठ मळून ठिवलं की त्याची विरी जाती. ते धरून ऱ्हात न्हाय, फाटतंय. गोलात बसलो की तिला माजं हात दिसत्यात. माजी भाकर झाली की ती म्होरचा उंडा मळती. आता ती माज्या पाठीकडं बघत बसलीया. तिला काय कळणार?" मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आन् बोलायचं कुणासंगं?"

मी कान पकडले. खरोखर, दोन्ही हातांनी. बायका परत गोल करून बसल्या आणि काम पहिल्यासारखं सुरू झालं. सोमवारी वर्गात मी हे सगळं फळ्यावर मांडलं, माझ्या चुकीसकट. मुलांनी ते जितकं नीट लिहून घेतलं तितकं आधी काहीच घेतलं नव्हतं.

अडचण तव्याची होती ती होतीच. चौथा तवा? ताईंनी आधीच सांगितलं होतं, "जागा कुटं हाय?" मग ज्याच्या घरी वेल्डिंगचं दुकान होतं तो मुलगा बोलला. त्याचे अब्बा आणि चाचा मिळून दुकान चालवायचे. वर्गात तो मराठी बोलायचा, उत्साहात आला की दखनी.

"मॅडम, तव्यावर सहा मिनिटं जातात त्यातली चार कडक करायलाच ना? मग ते काम तव्यावर कायकू? भाजली की उतारो, कडक दुसरीकडं करो."

त्यानं आकडेमोड करून दाखवली. तव्यावर दोनच मिनिटं गेली तर तीन तव्यांवर तिप्पट भाकऱ्या निघतील. वर्गानं टेबलं वाजवली. पुढच्या शनिवारी तो दुकानातून एक लोखंडी जाळी घेऊन आला. ताईंकडं जुनी कोळशाची शेगडी होती. तिच्यावर जाळी आडवी ठेवली, जाळीवर भाजलेल्या भाकऱ्या पसरल्या, आणि आम्ही सगळे भोवती जमलो.

भाकऱ्या पापडासारख्या वळल्या. एक तर इतकी वाकडी झाली की नातेपुत्याच्या मुलानं ती टोपीसारखी डोक्यावर धरून दाखवली. वेल्डिंगवाला मुलगा हिरमुसला. मुलगी आईकडं बघत होती. आज दोन-तीन डझन भाकऱ्या वाया गेल्या होत्या आणि त्याचं काय होणार ही काळजी तिच्या तोंडावर दिसत होती.

ताई वाकडी भाकरी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "आगं, आडवी कशापायी घालताय? हुबी करा की!"

"उभी?"

"माजी आय करायची. करमाळ्याकडं आमचं गाव. चुलीतलं निखारं पुढं वडायची आन् भाकर त्याच्याम्होरं हुबी करायची. कडंला टेकवून. दोनी अंगानं शेकायची, वाकडी न्हाय व्हायची." त्या स्वतःशीच हसल्या. "हितं ग्यास आला आन् मी इसरलेच बघा. कडक करायचं ते तव्यावरच, आसं डोस्क्यात बसलं."

वेल्डिंगवाल्या मुलाचे डोळे चमकले. त्यानं वहीचं पान फाडलं, ताईंच्या पुढ्यात बसला आणि विचारायला लागला. भाकरी केवढी? दोन भाकऱ्यांत अंतर किती? निखाऱ्यापासून किती लांब? ताई बोटांनी मापं दाखवत होत्या, तो लिहीत होता. एकमेकांचे शब्द दोघांना अर्धेच कळत असावेत, पण अडलं कुठंच नाही.

"ये तो एक दिन का काम हय," तो म्हणाला आणि गेला.

मंगळवारी तो घोडी घेऊन आला. घोडी हे नाव मावशींनी ठेवलं. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिच्यात खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक भाकरी उभी राहील अशी रचना. फडताळात पुस्तकं लावावीत तशा बारा भाकऱ्या लागत होत्या. खाली मंद कोळसा. आम्ही श्वास रोखून बसलो. थोड्या वेळानं ताईंनी एक भाकरी काढली, कानाजवळ नेली आणि बोट मारलं. टण्ण आवाज झाला. त्यांनी ती मोडली. कट्कन दोन तुकडे.

"झाली की!" ताई म्हणाल्या, आणि अर्धा तुकडा त्या मुलाच्या तोंडात घातला, शेंगाच्या चटणीसकट. तो ठसक्यानं लाल झाला तरी हसत होता.

लगेच त्याच आठवड्यात ताईंना फोन आला. एका मोठ्या स्नेहसंमेलनासाठी हजार भाकऱ्या हव्या होत्या, तीन दिवसांत. रोजच्या अडीचशेच्या हिशेबानं ते जमण्यासारखं नव्हतं, आणि अशा ऑर्डरी ताई नेहमी सोडून द्यायच्या. या वेळी त्यांनी फोनवर हात ठेवला आणि लेकीला विचारलं, "हुतंय का गं?"

मुलीनं वही काढली. तिनं घोडी आल्यापासून रोज नोंद ठेवली होती. "होतंय," ती म्हणाली. "दोन दिवसांत होतंय. पण मळणाऱ्या दोघींना मधे विश्रांती द्यायला पाहिजे, आता त्यांच्यावर जास्त भार येतोय."

"आन् तुजं कालेज?"

"दुपारी जाईन की."

ताईंनी ऑर्डर घेतली.

त्या दोन दिवसांत वर्गातली मुलं आळीपाळीनं हजर होती. ताईंनी त्यांना पिठाला हात लावू दिला नाही. "तुमी फकस्त मोजा आन् बांधा," असा हुकूम होता. नातेपुत्याचा मुलगा दहा-दहाच्या चळती बांधत होता आणि प्रत्येक चळतीला टाळी वाजवत होता. मळणाऱ्या दोघींना मधे उठवून थापणाऱ्यांनी त्यांची जागा घ्यायची, अशी अदलाबदल मुलीनं ठरवून दिली होती. मावशींनी आधी कुरकुर केली, मग एकदा जागा बदलून बघितली आणि म्हणाल्या, "पाठीला बरं वाटतंय गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास शेवटची चळत बांधली. हजार, आणि वर चाळीस. सगळ्या बायका भिंतीला टेकून बसल्या. ऑर्डर उद्या संध्याकाळी द्यायची होती. म्हणजे उद्याचा सबंध दिवस रिकामा होता. हे लक्षात आलं तेव्हा त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. रिकाम्या दिवसाचं काय करतात, हे कुणालाच आठवेना.

"मी झोपणार," एक म्हणाली.

"मी लेकीकडं जाऊन येनार," दुसरी.

मावशी मात्र बाहेर बघत होत्या. "गड्ड्याला जाऊ या की," त्या हळूच म्हणाल्या. "हितं ऱ्हाऊन सोळा वर्सं झाली. जत्रा दरसाली भरती, आन् आपलं काम बी त्याच दिसांत. पाळण्यात एकदा बसायचंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो. सहा बायका, ती मुलगी, मी, वेल्डिंगवाला आणि नातेपुतेकर, आणि काठी टेकत नान्ना, कारण त्यांना हे सगळं ऐकून घरात बसवेना. ऊन कोवळं होतं. बायकांनी नव्या साड्या नेसल्या होत्या. ताईंनी आधी बांगड्या घेतल्या, मग भजी घेतली, मग पाळण्यापाशी येऊन वर बघितलं आणि म्हणाल्या, "मी न्हाय बसत. लई उंच हाय."

मावशींनी त्यांचा हात धरला आणि ओढतच आत नेलं.

पाळणा वर चढायला लागला तशी ताईंची किंकाळी सगळ्या मैदानाला ऐकू गेली. मावशी मात्र दोन्ही हात सोडून बसल्या होत्या, पदर वाऱ्यावर, आणि वरून आम्हाला काहीतरी ओरडून सांगत होत्या. काय ते कळलं नाही. खाली उतरल्यावर त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "सगळं सोलापूर दिसलं! तळं दिसलं, किल्ला दिसला, आपला पत्रा बी दिसला आसंल." आणि त्या परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नान्नांना एवढं हसू आलं की त्यांनी काठी माझ्याकडं दिली आणि डोळे पुसले.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. "मॅडम, आई अशी ओरडताना मी कधी ऐकली नव्हती," ती म्हणाली. मग तिला पाळण्यातून आईनं हाक मारली, कारण ताईही दुसऱ्यांदा बसल्या होत्या, आणि ती पळत गेली.

त्या सत्रात मी पुस्तकातले सगळे धडे पुरे केले. परीक्षा असते, ते करावंच लागतं. पण प्रत्येक धडा कुणाच्या तरी घरापासून सुरू झाला. नातेपुत्याच्या मुलानं सुट्टीत जाऊन वडिलांच्या दुकानातली मांडणी बदलली. बदलायला वडील तयार नव्हते, तेव्हा त्यानं आधी एकच फळी बदलून दाखवली. वेल्डिंगवाल्याच्या दुकानात आणखी चार घोड्या बनल्या, शहरातल्या दुसऱ्या केंद्रांसाठी. ताईंनीच त्या बायकांना सांगितलं होतं. मी विचारलं, ताई, स्वतःची युक्ती दुसऱ्यांना का दिली? त्या म्हणाल्या, "माजी कुटं, माज्या आयची हाय ती. आन् सोलापुरात भाकर खानारी तोंडं काय कमी हायत का?"

पुढच्या जानेवारीत नवी तुकडी आली. मी विभागप्रमुखांकडं गेले आणि म्हणाले, पहिला तास माझ्याऐवजी एक पाहुण्या घेणार आहेत. सरांनी विचारलं, कुठल्या कंपनीच्या? मी सांगितलं. सरांनी वेळापत्रकावर तसं लिहून घेतलं. मग म्हणाले, "प्रोजेक्टरवर पीठ उडणार नाही एवढं बघा."

ताई आल्या त्या परात, पिठाचा डबा आणि मावशी असं सगळं घेऊन. लेक दुसऱ्या वर्षाला गेली होती; ती दारातच उभी राहून बघत होती. ताईंनी टेबलावर परात ठेवली, समोरच्या अनोळखी चेहऱ्यांकडं पाहिलं, पदर खोचला आणि सुरुवात केली.

"मला भाषन येत न्हाय. मी इचारते, तुमी सांगा. ह्या परातीत भाकर हाय, तिकडं तवा भरलाय. आता मी काय करू?"

एका मुलानं हात वर केला. मग दुसरीनं. पाच मिनिटांत सगळे एकदम बोलायला लागले. मावशी मधूनच एकेकाला पुढं बोलावून उंडा देत होत्या. पीठ सगळीकडं उडालं, प्रोजेक्टरवरही. शेजारच्या वर्गातले अकाउंट्सचे सर गोंगाटाची तक्रार करायला आले आणि हातात अर्धी भाकरी व चटणी घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मी खिडकीपाशी उभी होते. हजेरीपट बंदच होता, आणि घंटा कधी होऊन गेली ते आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही.